यशोधराताई आणि उलटं छापलेलं चित्र

'यशोधरा मॅडम एक्सपायर. शुक्रवारी अकरा वाजता शोकसभा. प्रोजेक्टरचं बघा.'

सेनगावला जीपची वाट बघत उभा होतो, तेव्हा मोबाइलवर हा मेसेज आला. आमच्या कार्यालयाच्या हेडक्लार्कचा. औषधाच्या बाटलीवर छापतात तो शब्द माणसासाठी वापरलेला, आणि तीन वाक्यांतलं एक प्रोजेक्टरला दिलेलं. किळस आली. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तोही प्रोजेक्टरचाच... त्याचा बल्ब गेला होता आणि तो हिंगोलीत मिळत नव्हता. परभणीला कुणाला पाठवावं, हे ठरवून झाल्यावर मला उमगलं की ताई गेल्या. जीप आली, भरली, निघून गेली. मी तिथंच उभा.

त्याला आता पाच आठवडे झाले. यशोधराताई आमच्याकडे सांख्यिकी सहायक होत्या. गाव कळमनुरी तालुक्यातलं डोंगरकडा. घरी मजुरी. त्यांच्या बौद्धवाड्यातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या त्या पहिल्या. मी लागलो तेव्हा हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, कार्यालय भाड्याच्या तीन खोल्यांत होतं, आणि काम होतं जमिनीखालच्या पाण्याची नोंद ठेवण्याचं. मी जवळा बाजारचा, पिंजाऱ्याचा मुलगा. अब्बा बाजाराच्या दिवशी गाद्या भरायचे. मी सहा महिन्यांचा संगणकाचा कोर्स केला होता, तेवढ्यावर रोजंदारीनं चिकटलो. पहिल्याच दिवशी ताईंनी विचारलं, "आकडे टाइप करता येतात, की वाचता पण येतात?" मी म्हटलं, टाइप करता येतात. त्या म्हणाल्या, "चालेल. वाचायला शिकवते."

वर्षातून चार वेळा आम्ही ठरलेल्या विहिरी मोजायला निघायचो. कार्यालयाची जीप साहेबांच्या कामात असायची, म्हणून एसटीनं, नाहीतर काळीपिवळी जीपमध्ये दाटून. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते बघायचं आणि हिशेब करून जमिनीपासून पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचं. विहिरीच्या काठावर ताई ओणव्या झाल्या की मी दोन पावलं मागं सरकायचो. त्या मात्र आत बघत शांतपणे आकडा सांगायच्या.

एका गावात विहिरीच्या मालकानं त्यांचं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग म्हणाला, "बाई, ती टेप आधी धुऊन घ्या. आमी ह्या हिरीचं पाणी पितो." दुपारची वेळ, चारपाच माणसं बसलेली, कुणी काही बोललं नाही. मीही नाही. ताईंनी त्याच्याच बादलीतलं पाणी घेऊन टेप धुतली, मोजमाप केलं, आकडा लिहिला, आणि मग टेप पुन्हा एकदा, आधीपेक्षा सावकाश धुतली. मालक म्हणाला, "आता काहून धुता?" ताई म्हणाल्या, "तुमच्या विहिरीत घाण आहे. दुसऱ्याच्या पाण्यात न्यायची नाही." खरंच होतं ते, पाण्यावर शेवाळ आणि मेलेली पाखरं तरंगत होती. परतताना एसटीत त्या वहीतले आकडे तपासत होत्या. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला गेलो, तर म्हणाल्या, "कय्यूम, तू तिथं बोलला असतास तर बरं झालं असतं. आता नको बोलू."

ते वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

पुढं वरच्या कार्यालयातून एक संगणक आणि आकडेवारीचं एक सॉफ्टवेअर आलं. खोके तसेच पडून होते, ताईंनी ते उघडायला लावले. त्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय आलेख काढता यायचा. म्हणजे खाली जमिनीवर गावांच्या जागा, पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण, आणि उभ्या अक्षावर पाण्याची खोली. सगळ्या विहिरींचे बिंदू जोडून संगणक एक पृष्ठभाग काढायचा, वर-खाली होणाऱ्या चादरीसारखा. पहिला आलेख खडखडणाऱ्या प्रिंटरमधून बाहेर आला तेव्हा आम्ही दोघं खुर्चीवरून उठून उभे राहिलो. रकानेच्या रकाने आकड्यांचं एका कागदावर चित्र झालं होतं!

ताई तो कागद घेऊन सेनगाव तालुक्यातल्या एका वाडीवर गेल्या. मी सोबत होतोच. तिथं कौसाबाईंच्या शेतातली विहीर आमच्या यादीत होती. कौसाबाई पन्नाशीच्या, बोलायला फटकळ, आम्ही गेलो की ताक दिल्याशिवाय सोडायच्या नाहीत. ताईंनी कागद त्यांच्यापुढं धरला आणि बोट ठेवून सांगितलं, हे तुमचं शेत. कौसाबाईंनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"ही टेकडी कुठली वो?"

"टेकडी नाही. तुमच्या विहिरीतलं पाणी खोल गेलंय, ते दाखवलंय."

"खोल गेलं, मंग वर काहून दावलं?"

ताई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. परतीच्या वाटेवर एकदम म्हणाल्या, "कय्यूम, त्या बाईंचं बराबर आहे. आपलं चित्र उलटं आहे." चूक आकड्यांत नव्हती. संगणक शून्य तळाला धरतो आणि मोठा आकडा वर नेतो. खोली जितकी जास्त, तितका उंच डोंगर. जिथं विहिरी कोरड्या पडत होत्या तिथं शिखरं, आणि जिथं हाताला पाणी लागत होतं तिथं खड्डे. बघणाऱ्याला वाटणार, शिखर म्हणजे पाणी चढलंय. शून्य वर पाहिजे, जमिनीच्या पातळीला, आणि आकडे खाली उतरत गेले पाहिजेत.

साध्या, सपाट आलेखात ते सोपं होतं. अक्षावर दोनदा क्लिक केलं की एक खिडकी उघडायची, तिथं दिशा उलट करण्याचा एक चौकोन होता, त्यात खूण केली की झालं. पण त्रिमितीय आलेखात तो चौकोन फिका पडलेला दिसायचा, क्लिक घ्यायचाच नाही. ताईंनी सॉफ्टवेअरचं जाडजूड पुस्तक पान न पान चाळलं. आठ-दहा दिवस त्या एकाच प्रश्नाला भिडल्या होत्या. शेवटी एक दिवस जेवणाचा डबा अर्धा टाकून आल्या आणि म्हणाल्या, "खोलीच्या सगळ्या आकड्यांना उणे एकनं गुण." मी नवा रकाना केला. सगळे आकडे उणे झाले, आलेख काढला, आणि डोंगर एका झटक्यात खड्डे झाले. आता अक्षावरचे आकडे उणे दिसत होते, ते त्यांनी एकेक पुसून हातानं साधे लिहिले: वर शून्य, खाली दहा, वीस, तीस. बाजूला शब्द लिहिले, 'जमिनीपासून पाण्याची खोली'. पुन्हा वाडीवर गेलो. कौसाबाईंनी कागद पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "व्हय. हा आमचा खड्डा." ताईंचा चेहरा तेव्हा असा उजळला होता... एम.एस्सी.चा निकाल लागला तेव्हाही इतका उजळला नसेल.

आता पुढचं लिहितो.

वाडीच्या भागात पाणी अडवण्याची मोठी योजना झाली होती. बंधारे झाले, पाट्या लागल्या, फोटो निघाले. बंधारे असे की पहिल्याच पावसात निम्म्यांच्या भिंती खचल्या. तीन वर्षांनी योजनेचा रंगीत अहवाल निघणार होता, आणि त्यात 'शास्त्रीय' आलेख पाहिजे होता. आमच्या साहेबांनी ताईंचा आलेख पाहिला. नेमका बंधाऱ्यांच्या पट्ट्यात सगळ्यात खोल खड्डा. ताई तेव्हा चार दिवस औरंगाबादला प्रशिक्षणाला गेल्या होत्या. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पान खाल्लेलं, समोर माझी रोजंदारीची फाइल उघडी.

"कय्यूम, हे खड्डे बरे दिसत नाहीत रे. आधी कसे छान डोंगर यायचे!"

"साहेब, ते उलटं होतं."

"उलटं-सुलटं काय असतं? आकडे तेच ना? मी आकड्यांना हात लावायला सांगतोय का? तो उणे काढून टाक. आणि खोली-बिली नको लिहू, 'पाणीपातळी' लिही. लोकांना कळलं पाहिजे."

मग फाइलवर बोट आपटत म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुझी मुदत संपते, नाही का?"

मी बाहेर आलो आणि केलं. गुणाकाराचा रकाना काढला, जुना रकाना लावला, बाजूचे शब्द बदलले. दहा मिनिटंही लागली नाहीत. एकही आकडा खोटा नव्हता. नुसती दिशा बदलली होती. साहेबांनी प्रिंट हातात घेऊन मान डोलावली, आणि माझ्यासाठी चहा मागवला.

अहवाल गुळगुळीत कागदावर छापून आला. कव्हरच्या आत निळे-हिरवे डोंगर, खाली ओळ: 'योजनेनंतर उंचावलेली पाणीपातळी'. त्या उन्हाळ्यात टँकरची यादी झाली तेव्हा वाडीचं नाव त्यात नव्हतं. पाणी उंचावलेल्या गावाला टँकर कशाला? वाडीतल्या बाया विहिरीत उतरून वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. एप्रिलमध्ये एक दिवस कौसाबाई उतरल्या, कडेचा दगड सुटला, आणि त्या तळाच्या खडकावर पाठीवर आपटल्या. वाचल्या, पण कमरेखालचं अंग गेलं.

ताईंनी तोवर अहवाल पाहिलेलाच नव्हता. तो वरच्या लोकांना वाटला गेला होता, आमच्या कार्यालयात एकच प्रत, साहेबांच्या कपाटात. आम्ही कौसाबाईंना बघायला गेलो. त्या बाजेवर पडलेल्या होत्या. अंगावर चौघडी, खोलीत लघवीचा वास. ताईंचा हात धरून त्या म्हणाल्या, "बाई, सरपंच सांगून राहिला, तुमच्या कागदावर आमच्या हिरीत लय पाणी हाय म्हणं. तुमी तर खड्डा दावला व्हता मला."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी छपराकडं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठूनशी अहवालाची प्रत मिळवली. माझ्या टेबलावर ते पान उघडून ठेवलं. "कय्यूम, हे तू केलंस?" आवाज चढलेला नव्हता. मी म्हटलं, "नाही ताई. साहेबांनी बाहेरून करून आणलं." त्यांनी क्षणभरच माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. मला वाटलं होतं..." आणि अहवाल मिटून घेतला.

त्यांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. आलेख बाहेरच्या माणसाकडून उलटा करून घेतला आहे, त्यामुळे टंचाईची गावं सुटली आहेत, चौकशी व्हावी. पत्रातला 'बाहेरचा माणूस' म्हणजे माझं खोटं होतं. त्यांनी ते खरं मानून सही केली होती. चौकशीला एक अधिकारी आले, अर्धा दिवस बसले, गेस्ट हाउसवर जेवले. बाहेरच्या कुणालाही काम दिल्याची नोंद कुठंच नव्हती, असणारच नव्हती. मग त्यांनी मला बोलावून विचारलं, "त्रिमितीय आलेख या कार्यालयात कोण काढतं?" साहेब शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "मॅडमच काढतात, सर. अक्ष उलटा करायची पद्धत त्यांचीच आहे."

हेही वाक्य खोटं नव्हतं. बघा, कसं शिकलो होतो मी!

निष्कर्ष निघाला: सांख्यिकी सहायकांनी अक्षाची दिशा आणि खुणा हातानं बदलण्याची अनधिकृत पद्धत वापरल्यामुळे गोंधळ झाला, सबब समज देण्यात येते. आठ-दहा दिवस खपून जी गोष्ट त्यांनी सरळ केली होती, तीच त्यांच्या अंगावर उलटवली. त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. टपालावर नंबर टाकायचे, शिक्का मारायचा. एम.एस्सी. झालेली बाई! आणि त्याच वर्षी मी कायम झालो. पेढे वाटले. ताईंनी पेढा घेतला, "चांगलं झालं, अम्मीला सांग," म्हणाल्या. मी मागच्या बाजूला जाऊन ओकलो. पित्त झालं असेल, असं मनाला सांगितलं.

त्यांना कधी कळलं, मला ठाऊक नाही. कळलंच नाही, असंही असेल. वागण्यात फरक पडला नाही, आणि तेच मला सोसवायचं नाही. त्या वरचेवर पत्रं लिहीत राहिल्या. स्वतःवरचा ठपका काढा, असं एकाही पत्रात नसायचं. आलेख दुरुस्त करून वाडीचं नाव यादीत घ्या, एवढंच. स्वतःच्या पत्राला स्वतःच जावक क्रमांक टाकायच्या. उत्तर कधी आलं नाही. कौसाबाई दोन वर्षांनी गेल्या, पाठीला जखमा होऊन. वाडी यादीत आली ती पुढं कधीतरी, निवडणुकीच्या तोंडावर, कुणा पुढाऱ्यामुळे. त्यात आलेखाचा संबंध नव्हता.

मग ताईंच्या मूत्रपिंडाचं निघालं. नांदेडला आठवड्यातून दोनदा डायलिसिस. शेवटची भेट हिंगोलीच्या बसस्टँडवर. हाताला पट्टी, चेहरा सुजलेला, ओळखू येईनात. मला बघून त्याच म्हणाल्या, "कय्यूम, सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आली म्हणतात. त्रिमितीत अक्ष उलटा करता येतो का रे आता?" मी म्हटलं, "बघितलं नाही, ताई." त्या म्हणाल्या, "बघ. तो चौकोन लागत असेल तर उणे करायची कटकट वाचेल." नांदेडची गाडी लागली आणि त्या रांगेत शिरल्या. मी कार्यालयात येऊन बघितलं. चौकोन आता फिका नव्हता. एक खूण केली की शून्य वर, खोली खाली. त्यांना फोन करून सांगेन म्हटलं. केला नाही.

शोकसभेला साहेब आले. ते आता पुष्कळ वर गेले आहेत, गाडीवर दिवा आहे. बल्ब मिळाला होता, प्रोजेक्टर चालू होता. नव्या ऑपरेटर मुलीनं बिचारीनं ताईंच्या फोटोशेजारी 'मॅडमचं गाजलेलं काम' म्हणून अहवालातलंच चित्र लावलं होतं. निळे-हिरवे डोंगर. साहेब त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "यशोधरा म्हणजे आकड्यांशी प्रामाणिक! असं माणूस पुन्हा होणे नाही." आवाज भरून आणला. रुमाल काढला. लोकांनी माना खाली घातल्या. समोसे ठेवले होते, त्यांचा तेलकट वास सगळ्या खोलीत. मी वायरच्या शेजारी उभा होतो. एक बटण दाबलं असतं तर पडदा पांढरा झाला असता. मी दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिलो. सगळेच राहिले होते.

त्यानंतरच्या रविवारी डोंगरकड्याला गेलो. ताईंची आई एकटीच होती. ताईंची खोली म्हणजे ओसरीचा कोपरा पत्र्यानं बंद केलेला. एक लोखंडी खाट, खिडकीत चष्म्याचं घर, आणि भिंतीलगत पत्रांच्या कार्बन प्रतींचा गठ्ठा, सुतळीनं बांधलेला, प्रत्येकीवर जावक क्रमांक. मी खाटेवर बसलो नाही. खाली बसून आईंना सगळं सांगितलं. साहेब, फाइल, दहा मिनिटं, ताईंशी बोललेलं खोटं, चौकशीतलं वाक्य. त्या रडतील, शिव्या देतील, हाकलतील, असं वाटलं होतं. हाकललं असतं तर सुटलो असतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या गठ्ठ्याकडं बघत विचारलं, "हे जे उलटं केलं व्हतं, ते सरळ करता येतं का वो?"

"येतं, आई. आता तर लगेच येतं. एक खूण करायची फक्त."

"आन् पहिल्यांदा?"

"पहिल्यांदाही येत होतं. थोडा वेळ लागायचा."

"किती?"

"दहा मिनिटं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता, खरोखर न कळलेलं माणूस विचारतं तसं त्यांनी विचारलं, "मंग एवढ्या वर्षांत काहून न्हाई केलं, बाबा?"

त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आजही येत नाही, म्हणून हे लिहितोय. साहेबांच्या नावानं मळमळ काढायला नव्हे. आई उठल्या, आत गेल्या, स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. त्यांनी माझ्यासाठी चहा आणला, कपाला बशी लावून. मी तो त्या खोलीत बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.